पंच कुठायत? टीव्हीवरचा पोलिस तपास बघताना आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं काम करते. दिवसभर पंचनामे, जबाब, जामीन अर्ज असलीच कागदं हातातनं जातात, आणि रात्री घरी सासूबाई, मोठे भावोजी आणि शेजारच्या ताई असा कंपू जमवून आम्ही क्राईम सिरियल बघतो. बघतो म्हणजे टीव्हीशी भांडतो. मी वकील नाही, पोलिस तर अजिबातच नाही, पण लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

एवढ्या चुका दिसतात तर बघताच कशाला?

आवडतं म्हणून. १९९८ ला सुरू झालेली सीआयडी आमच्या घरात सगळ्या पिढ्यांनी बघितलीय, २०१८ ला बंद झाली तेव्हा सासूबाई आठवडाभर चॅनलला शिव्या घालत होत्या आणि डिसेंबर २०२४ ला परत आली तेव्हा पहिल्या एपिसोडला त्यांनी शेंगा भाजून ठेवल्या होत्या. चुका काढणं हा बघण्याचाच भाग आहे, क्रिकेट बघताना अंपायरला बोलत नाही का आपण.

तुमच्या घरात सारखं "पंच कुठायत?" ओरडतात ते काय आहे?

हा आमचा मुख्य मुद्दा, त्यामुळं जरा लांबण लावते.

सिरियलमध्ये काय होतं बघा. इन्स्पेक्टर खोलीत शिरतो, गादी उचलतो, खाली रक्ताचा चाकू, रुमालात धरून वर करतो, कॅमेरा झूम, ढँण. झालं, पुरावा सापडला. आता खऱ्यात असं कुणी एकट्यानं उचललेला चाकू कोर्टात नेला तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारणार की हा चाकू तिथंच होता कशावरून, तुम्हीच खिशातनं काढला नसेल कशावरून? म्हणूनच झडतीच्या वेळी त्या भागातले दोन तरी स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी सोबत घ्यायचे असं कायद्यात लिहिलंय. आधी सीआरपीसीच्या (जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १०० मध्ये होतं, आता १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या १०३ मध्ये आहे. हेच ते पंच. त्यांच्यासमोर वस्तू सापडायची, वर्णन लिहायचं (किती इंच पातं, मुठीला कसला रंग, डाग कुठं), पाकिटात घालायची, पंचांच्या सह्यांची लेबलं लावायची, लाखेचं सील मारायचं, मग मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा. आणि नवीन कायद्यातल्या कलम १०५ नं झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंगपण करायचंय, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं सरकारी अॅप आहे.

आता सांगा, या सगळ्यातलं टीव्हीवर काय दिसतं? काहीच नाही. पंच नाही, लेबल नाही, सील नाही, लिहिणारा हवालदार तर औषधालाही नाही. आम्ही म्हणूनच ओरडतो.

आणि गंमत म्हणजे खरा ड्रामा पंचातच आहे ओ. टपरीवर चहा पीत उभा असलेला माणूस, त्याला पोलिस म्हणतात "चला, दोन सह्या करायच्यात", आणि तो जातो. चार-पाच वर्षांनी त्याला समन्स येतं, तोवर तो सगळं विसरलेला असतो किंवा आरोपीकडचा कुणीतरी येऊन भेटून गेलेला असतो, आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगतो की साहेब मी फक्त सही केली, मी काय बघितलं नाही. फितूर! एका वाक्यात चाकू गेला, रक्त गेलं, अख्ख्या केसचं कंबरडं मोडलं. हे एखाद्या लेखकानं नीट लिहिलं तर लोक टीव्हीसमोरनं उठणार नाहीत. पण नाही, आम्हाला दाखवणार कोण, तर काळा गॉगल.

शेवटी एक थोबाडीत बसली की आरोपी सगळं कबूल करतो. मग केस संपली ना?

उलट तिथनंच बिघडते. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. इंग्रजांच्या काळापासनं पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. का ठेवलंय ते सिरियलच दाखवतीय की, थोबाडीत मारून कुणीपण काहीपण कबूल करेल. त्यामुळं शेवटची दहा मिनिटं आरोपी जे रडत रडत फ्लॅशबॅकसकट सांगत असतो, "हो मीच मारलं, कारण त्यानं माझ्या बहिणीला..." ते सगळं कोर्टाच्या दृष्टीनं वाऱ्यावर.

एक फट आहे मात्र, आणि ती लय भारी आहे. कोठडीत असताना आरोपीनं माहिती दिली आणि त्या माहितीवरनं एखादी गोष्ट सापडली तर तेवढाच भाग चालतो. जुनं कलम २७. आरोपी म्हणाला "ज्या चाकूनं मी त्याला भोसकलं तो मी विहिरीजवळ लपवलाय, काढून देतो" तर "लपवलाय, काढून देतो" हे चालणार आणि "ज्यानं मी भोसकलं" हे चालणार नाही. एकाच वाक्याचे दोन तुकडे. प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) डिसेंबर १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात हे सांगितलं ते आजही वकील लोक तोंडपाठ म्हणतात. आणि हे निवेदन घेताना परत कोण लागतं? पंच. मग पंच, पोलिस, आरोपी सगळे गाडीत बसून जायचं, आरोपीनं पुढं होऊन जागा दाखवायची, तिथं दुसरा पंचनामा.

खरी कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर. मॅजिस्ट्रेट आधी सांगतात की बाबा कबुली द्यायची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, विचार कर. आणि तो तिथं येऊन नाही म्हणाला तर त्याला परत पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही. हा सीन विचार करा ना, एक घाबरलेला पोरगा, एक मॅजिस्ट्रेट, पोलिस खोलीबाहेर. एका थोबाडीपेक्षा किती वजनदार.

आणि हो, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय की प्रत्येक पोलिस ठाण्यात, लॉकअपसकट, आवाजासह रेकॉर्डिंग करणारे सीसीटीव्ही पाहिजेत. म्हणजे ती थोबाडीत पण रेकॉर्ड होणार.

दार लाथेनं तोडायला परवानगी आहे का?

आहे, पण आधी सांगावं लागतं की आम्ही कोण, कशासाठी आलोय, दार उघडा. उघडलंच नाही तर तोडता येतं. सिरियलमध्ये बेलपण वाजवत नाहीत. भावोजींचं म्हणणं असं की मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या सागवानी दाराला, आतनं अडसर घातलेल्या, एकदा लाथ मारून दाखवा म्हणावं, मग अस्थिरोग वॉर्डातच भेटायला जाऊ.

डॉक्टर प्रेत बघूनच सांगतात, "मृत्यू रात्री ११ वाजून २० मिनिटांनी." असं कळतं?

नाही कळत. आणि सोलापुरात तर अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते.

मृत्यूची वेळ काढताना डॉक्टर बऱ्याच गोष्टी बघतात, शरीर किती थंड पडलं, अंग किती ताठरलं, रक्त खाली साकळून डाग कुठं पडले, पोटातलं अन्न किती पचलं. परदेशी सिरियलमध्ये थर्मामीटर लावतात आणि तासाला इतकी डिग्री असा हिशोब करतात. तो हिशोब थंड हवेच्या देशात ठीक आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि जिवंत माणसाचं अंगच ३७ च्या आसपास. मग प्रेत थंड व्हायचं कसं? बाहेरच जास्त गरम आहे! उन्हाळ्यात ताठरपणा पण लवकर येतो आणि लवकर जातो, कुजायला लवकर सुरुवात होते. त्यामुळं खरे डॉक्टर "अंदाजे इतक्या ते इतक्या तासांपूर्वी" असा पट्टा देतात. मिनिटं फक्त टीव्हीवरच्या डॉक्टरांना माहीत असतात.

दुसरं म्हणजे विष. सिरियलमध्ये डॉक्टर निळ्या पाण्यात लाल पाणी ओततात, धूर निघतो, "हे सायनाइड आहे." खऱ्यात आपल्या सिव्हिलला पोस्टमॉर्टेम झालं आणि विषाचा संशय आला तर व्हिसेरा राखून ठेवतात, म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. फॉर्मेलिनमध्ये नाही, कारण विष तपासायला ते अडचणीचं. मग सील, मग पत्र, मग हवालदार ती बरणी घेऊन सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, पुण्याला प्रादेशिक लॅब आहे, मुख्य मुंबईत कलिन्याला. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर पेपरमध्ये आपण वाचतोच की "व्हिसेरा राखून ठेवला आहे, मृत्यूचे कारण अहवालानंतर स्पष्ट होईल."

रक्ताचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरतात ते बरोबर का?

चूक. ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी येते, नमुना खराब. सावलीत वाळवून कागदी पाकिटात. पण प्लास्टिकमध्ये कॅमेऱ्याला आतलं दिसतं ना.

पांढरी पावडर बोटावर घेऊन चाटून बघतात?

कोण चाटेल ओ? उंदराचं औषध असलं म्हणजे? टेस्ट किट असतं, आणि अमली पदार्थांच्या कायद्यात तर अंगझडतीच्या आधी आरोपीला सांगावं लागतं की तुझी झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी असं म्हणायचा तुला हक्क आहे. हे सांगितलं नाही म्हणून केसेस सुटतात. चाटणाऱ्याचं पुढं काय होतं ते सिरियलमध्ये कधीच दाखवत नाहीत.

बोटांचे ठसे कॉम्प्युटरवर टाकले की फोटो, नाव, पत्ता येतो. आधारमुळं ना?

शेजारच्या ताई याच्यावर शपथ घ्यायला तयार होत्या. पण नाही, आधारचे ठसे तपासासाठी पोलिसांना मिळत नाहीत, आधार कायद्यातच मनाई आहे. पोलिसांकडं आधी अटक झालेल्या, शिक्षा झालेल्या लोकांचे ठसे असतात, त्याच्याशी जुळवतात. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याचे ठसे काचेच्या ग्लासवर कितीही सुंदर उमटले तरी आधी संशयित शोधा, मग त्याचे घ्या, मग जुळवा.

फोनवर "अजून तीस सेकंद बोलत ठेवा" असं का म्हणतात?

जुन्या एक्स्चेंजच्या काळातली सवय आहे, सोडवत नाही त्यांना. मोबाईलच्या कॉलची नोंद कॉल लागल्याबरोबर कंपनीकडं होते, कट केला तरी राहते. पण ती मिळवायला वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत कंपनीच्या नोडल ऑफिसरला (पोलिसांशी बोलायला नेमलेला माणूस) कळवावं लागतं, आणि सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा कागद, आला तरी त्यात टॉवर येतो, घर नाही. म्हणजे फोन सात रस्ता चौकाजवळच्या एका टॉवरच्या अमुक दिशेला होता एवढं कळेल. सिरियलमध्ये नकाशावर लाल ठिपका चालत जातो, गल्लीतनं वळतो पण. फोन टॅप करून बोलणं ऐकायचं तर गृह विभागाच्या सचिव पातळीवरची मंजुरी लागते, कुठला तरी पोरगा लॅपटॉप उघडून "सर, मी ऐकू शकतो" म्हणाला तर आधी त्यालाच आत टाकावं लागेल.

सीसीटीव्ही झूम करून नंबरप्लेट वाचतात त्याबद्दल?

झूम केलं की चौकोन मोठे होतात, बास. कॅमेऱ्यानं जे टिपलंच नाही ते "एन्हान्स" म्हणून येत नाही. खरी अडचण वेगळीच असते आणि ती कुणीच दाखवत नाही: दुकानातल्या डीव्हीआरचं (फुटेज साठवणारा डबा) घड्याळ चुकीचं असतं. कुणाचं वीस मिनिटं पुढं, कुणाचं तारीखच मागची. मग खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहावा लागतो, नाहीतर आरोपी त्या वेळेला गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसला होता असं त्याचा वकील सिद्ध करेल. शिवाय काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसून नवीन चढतं, त्यामुळं तपासातली खरी धावपळ बंदूक घेऊन नसते, दुकानदाराला "शेट, फुटेज पुसू नका" म्हणत पळायची असते. आणि पेनड्राईव्हबरोबर सर्टिफिकेट (फुटेज कुठल्या यंत्रातनं, कसं काढलं ते सांगणारं) जोडावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर हे सर्टिफिकेट पाहिजेच.

एसीपी स्वतः सगळीकडं कसे काय जातात? आणि सोलापुरात असं कोण जाईल?

सोलापूर शहराला पोलिस आयुक्तालय आहे, त्यामुळं शहरात सीपी (आयुक्त), डीसीपी (उपायुक्त), एसीपी (सहायक आयुक्त). शहराबाहेर गेलात की सोलापूर ग्रामीण, तिथं एसपी (अधीक्षक) आणि डीवायएसपी (उपअधीक्षक). एसीपी आणि डीवायएसपी एकाच दर्जाचे. खांद्यावर बघा, पीएसआयला (फौजदार) दोन स्टार आणि लाल-निळी फीत, पीआयला (इन्स्पेक्टर) तीन स्टार आणि फीत, एसीपीला तीन स्टार पण फीत नाही. सिरियलमधला ड्रेसवाला बहुतेक बाजारात जे मिळेल ते लावतो, आम्ही एकदा पॉज करून बघितलं तर इन्स्पेक्टरच्या खांद्यावर अशोकस्तंभ होता. एवढं प्रमोशन!

आणि महाराष्ट्राची खरी सीआयडी, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. तिच्याकडं केस वर्ग होऊन जाते, पोलिस कोठडीतल्या मृत्यूसारख्या केसेस तिकडं जातात. रस्त्यावर प्रेत दिसलं की पहिला फोन त्यांना जात नाही. आपण ११२ लावणार, गाडी येणार, आणि शहरात असेल तर फौजदार चावडी, सदर बझार, जेलरोड, जोडभावी, विजापूर नाका, ज्याच्या हद्दीत असेल ते ठाणं येणार. हद्दीवरनं दोन ठाण्यांची जी हुज्जत चालते ती टीव्हीवर कधी येणार कोण जाणे.

रात्री दोन वाजता घरात घुसून बाईला अटक करतात, चालतं का?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, असा नियम आहे. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तरी बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, ती राहते तिथं जायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठीच्या वरच्यांनापण तसंच. सासूबाईंना हे सांगितल्यापासनं सिरियलमधल्या आजीला ठाण्यात बसवलं की त्या म्हणतात, "ह्यांना घरी पाठवा की ओ, मी अर्ज करू काय?"

नार्को टेस्ट केली की खरं बाहेर येतं ना?

संमतीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा सेल्वी खटल्याचा निकाल आहे. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग, तिन्हीला लागू. आणि संमतीनं केली तरी त्यात बोललेलं थेट पुरावा होत नाही. पुढं.

"आता तुला फाशीच होणार" असं पोलिस सांगू शकतात?

सांगू काहीही शकतात. अटकेपासनं २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर पाहिजे, मग पीसीआर (पोलिस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र नाही आलं तर जामीन मागायचा हक्क. मग सेशन कोर्टात खटला. फाशी झालीच तर ती हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आपल्या सोलापूरसाठी आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, म्हणजे निदान मुंबईची रात्रीची गाडी तरी वाचली.

एवढं सगळं खरं दाखवलं तर सिरियल बोअर नाही का होणार?

भावोजींचा पोरगा हेच म्हणतो, "काय बे काकू, पंचनामा बघत बसू काय." मला नाही पटत. सीआयडीवाल्यांनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा एपिसोड एका शॉटमध्ये काढून रेकॉर्ड केलाय, एवढी तालीम करू शकणाऱ्या लोकांना दोन पंच उभे करणं जड आहे का?

आणि ओळख परेड घ्या. ती पोलिस घेतच नाहीत, बहुतेक नायब तहसीलदार घेतात, जेलमध्ये, आणि पोलिस तिथं थांबत नाहीत. आरोपीसारखेच दिसणारे पाच-सहा डमी शोधून आणायचे, आरोपीला दाढी असेल तर सगळ्यांना दाढी. आरोपीला विचारायचं की तुला कुठं उभं राहायचंय, शर्ट बदलायचाय का. मग साक्षीदार आत येतो, हात थरथरतोय, रांगेतनं चालतो. आणि परेडच्या आधीच पेपरात आरोपीचा फोटो छापून आला असेल तर सगळी मेहनत संशयात. सिरियलमध्ये काय, हवालदार आरोपीचा फोटो मोबाईलवर दाखवतो, "हाच का?" "हो साहेब, हाच!" आणि जाहिरात.

टीव्हीवर तक्रार लगेच घेतात, आमची घेत नाहीत. काय करायचं?

हा प्रश्न सिरियलचा नाही पण सगळ्यात जास्त हाच येतो. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, तो नंतर गुन्हा जिथं घडला त्या हद्दीच्या ठाण्याकडं जातो. ऑनलाईन दिला तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, त्यामुळं तिथं थोडं थांबावं लागू शकतं. नोंदवायलाच नकार दिला तर लेखी अर्ज पोस्टानं एसपींना, शहरात असाल तर पोलिस आयुक्तालयात, आणि तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, त्याला मात्र वकील बघा. पोस्टाची पावती जपून ठेवा आणि अर्जाच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरी आणि एक वकिलाला.